दिवस राहत नाहीत आणि सगळे वजनावर बोलतात

मूल होत नाही म्हणून दवाखान्यात येणाऱ्या जोडप्याच्या हातात एक जाड फाईल असते. आत फॉलिक्युलर स्टडीचे कागद: दहाव्या दिवशी ९ मिलिमीटर, तेराव्या दिवशी १०, सोळाव्या दिवशीही १०, आणि शेवटी बॉलपेनाने लिहिलेला शेरा की अंडं वाढलं नाही. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, एएमएच, नळ्या मोकळ्या आहेत का ते दाखवणारा एक्स-रे, सगळं जागच्या जागी. साखरेची तपासणी मात्र नसते. रक्तदाब कुठे लिहिलेला नसतो. कंबरेचा घेर तर कोणी मोजलेलाच नसतो. तरीही पहिल्याच पानावर, खाली दोन रेघा ओढून, एक सल्ला दिलेला असतो: ‘वजन कमी करा’.

हा सल्ला खोटा नाही, पण अर्धवट आहे. त्याने दोन प्रकारच्या बायकांचं नुकसान होतं. एक, ज्या बारीक आहेत आणि म्हणून ज्यांच्या साखरेकडे कोणी बघतच नाही. दुसऱ्या, ज्यांना ‘आधी दहा किलो उतरवून या’ असं सांगून परत पाठवलं जातं आणि त्यात त्यांची दोन वर्षं निघून जातात. आजचा लेख या दोघींसाठी.

अंडाशयाचं काम मेंदूकडून येणाऱ्या दोन संप्रेरकांवर चालतं, हे बहुतेकींना ठाऊक असतं. इन्सुलिनचाही तिथे हात असतो, हे मात्र क्वचितच कोणी सांगतं. आपण जेवलो की रक्तात साखर येते आणि ती पेशींत पोचवायला स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. ही साखर घेणारं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. काही जणींच्या स्नायूंना आणि यकृताला इन्सुलिनचं बोलणं नीट ऐकू येत नाही. मग घरात कानाने मंद असलेल्या आजोबांशी आपण आवाज चढवून बोलतो, तसं स्वादुपिंड दुप्पट-तिप्पट इन्सुलिन सोडतं. साखर आटोक्यात राहते, रिपोर्ट नॉर्मल येतो. पण अंडाशयाचे कान शाबूत असतात. त्याला तो चढलेला आवाज पूर्ण ऐकू जातो आणि ते जास्त पुरुषी संप्रेरक बनवायला लागतं. तिकडे यकृत, ही संप्रेरकं बांधून ठेवणारं प्रथिन कमी बनवतं, त्यामुळे मोकळं टेस्टोस्टेरॉन आणखी वाढतं. हनुवटीवर केस येतात, पुरळ जात नाही. आणि अंडाशयात एकाच वेळी अनेक बीजं वाढायला लागून मध्येच थांबतात. सोनोग्राफीत ज्यांना ‘गाठी’ म्हणून दाखवतात, त्या याच थांबलेल्या पुटिका. त्या कापून काढायच्या नसतात, त्यांचा कर्करोग होत नाही, आणि औषधाने ‘विरघळवायच्या’ही नसतात. पुढे जायचा हुकूम न मिळाल्यामुळे त्या तिथे थबकलेल्या असतात, इतकंच.

हे कळायला वैद्यकशास्त्रालाही बराच वेळ लागला. १९२१ मध्ये पॅरिसच्या आशार आणि तिएर या डॉक्टरांनी चेहऱ्यावर दाढीसारखे केस आणि सोबत मधुमेह असलेल्या स्त्रियांबद्दल लिहिलं होतं. पण १९३५ मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी ७ स्त्रियांची पाळी अंडाशयाचा थोडा भाग कापून पुन्हा सुरू करून दाखवली, दोघींना दिवसही राहिले, आणि पुढची कित्येक दशकं सगळ्यांचं लक्ष अंडाशयावरच खिळलं. इन्सुलिनचा धागा पुन्हा हाती लागला तो १९८०च्या सुमारास. आपल्याकडच्या फायली वाचताना मला वाटतं, काही ठिकाणी तो अजून लागायचाच आहे.

पीसीओएस (लोक पीसीओडी म्हणतात, तेच) हे बीज न फुटण्याचं सगळ्यात मोठं कारण. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने मूल होण्याच्या वयातल्या ८ ते १३ टक्के स्त्रियांना हा त्रास असतो आणि त्यातल्या बहुसंख्य जणींना तो आपल्याला आहे हे माहीतच नसतं. उलटी चूकही होते. पाळी अगदी नियमित, अंगावर जादा केस नाहीत, केवळ सोनोग्राफीच्या कागदावर ‘पीसीओडी’ लिहिलं म्हणून वर्षभर गोळ्या खाणाऱ्या मुली मी दर आठवड्याला बघते. अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांची लक्षणं आणि सोनोग्राफी, या तिन्हींपैकी निदान दोन असावी लागतात, शिवाय थायरॉइड आणि प्रोलॅक्टिनचे दोष आधी बाजूला काढावे लागतात. पाळी सुरू होऊन आठ वर्षं झालेली नसतील तर सोनोग्राफीवरून हे निदान करूच नये. त्या वयात निरोगी अंडाशयही तसंच दिसतं.

आता बारीक बायकांबद्दल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापला. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. ब्रिटिश डॉक्टरांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. शर्ट-पँटमध्ये दोघंही सडपातळ. भारतीय शरीर कमी वजनातही चरबी साठवतं, तीही पोटात आणि यकृतात, हे पुण्याजवळच्या खेड्यांमध्ये जन्मलेल्या बाळांपासून त्यांच्या गटाने दाखवून दिलं आहे. म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ च्या पुढे गेला की सावध व्हायचं, २५ ची वाट बघायची नाही. आणि बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत हवी. मोजायची कशी? साडीच्या निऱ्या जिथे खोचता किंवा सलवारची नाडी जिथे बांधता तिथे नाही. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, टेप उघड्या त्वचेवर, श्वास सोडून. पोट आत ओढून मोजणाऱ्यांना मी पुन्हा मोजायला लावते.

आणखी एक जागा बघायची असते, मानेची मागची बाजू. तिथली कातडी काळी, जाडसर, मखमलीसारखी झालेली असेल, काखेतही तसंच असेल, तर ते बहुधा वाढलेल्या इन्सुलिनचं लक्षण. मुलगी मान खाली घालून सांगते, ‘मळ आहे, निघतच नाही.’ घरी आईने डाळीचं पीठ लावून बघितलेलं असतं, लिंबू चोळलेलं असतं, कोणी तर वजरीने घासून कातडी सोलवटून घेतलेली असते. तो मळ नाही. घासू नका. साखर तपासा.

कोणत्या तपासण्या? सगळ्यात उपयोगी आणि स्वस्त म्हणजे उपाशीपोटी रक्त देऊन, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घेऊन दोन तासांनी पुन्हा देणं. उपाशीपोटी १२६ किंवा दोन तासांनी २०० च्या वर म्हणजे मधुमेह, दोन तासांनी १४० ते १९९ म्हणजे उंबरठ्यावर. नुसती उपाशीपोटीची साखर बघितली तर उंबरठ्यावरच्या कितीतरी जणी निसटतात. एचबीए१सी सोयीची आहे, पण आपल्याकडे जपून वाचावी लागते: लोह कमी असेल तर ती खोटी वाढलेली दिसू शकते, आणि सिकलसेलमध्ये तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या वाचकांनी हे आपल्या डॉक्टरांना आवर्जून विचारावं. याच्या जोडीला रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलचा पूर्ण रिपोर्ट. त्यात ट्रायग्लिसराइड १५० च्या वर आणि एचडीएल ५० च्या खाली असेल तर दुर्लक्ष करू नका. पोटाची सोनोग्राफी झाली असेल तर शेवटच्या ओळी वाचा. ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ असं तिथे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि कोणी बघत नाही. उपाशीपोटीच्या इन्सुलिनची महागडी तपासणी बहुतेकींना लागत नाही. प्रयोगशाळा बदलली की तिचा आकडा बदलतो, आणि उपचारात तिने फारसा फरक पडत नाही.

एएमएचबद्दल दोन शब्द, कारण त्या आकड्याने झोप उडालेल्या बायका फार येतात. अंडाशयात बीजांचा साठा अंदाजे किती, एवढंच तो सांगतो. बीजं चांगली की वाईट, याच महिन्यात दिवस राहतील की नाही, हे त्यातून कळत नाही. पीसीओएसमध्ये तो आकडा उलट वाढलेला असतो. थांबलेल्या पुटिका मोजल्या जातात म्हणून.

साखर आधी तपासायची याला आणखी एक कारण आहे, आणि मला ते सगळ्यात मोठं वाटतं. बाळाचं हृदय, पाठीचा कणा, मेंदू यांची घडण पहिल्या आठ आठवड्यांत होते. तेव्हा पुष्कळदा नावनोंदणीही झालेली नसते. त्या दिवसांत आईची साखर चढलेली असेल तर गर्भपाताचा आणि बाळात जन्मजात दोष राहण्याचा धोका वाढतो. मधुमेह असेल तर दिवस राहण्याआधी एचबीए१सी ६.५ च्या आत आणावी. फॉलिक ॲसिडही तेव्हापासूनच, रोज निदान ४०० मायक्रोग्रॅम. मधुमेहात मात्रा जास्त लागते, ती डॉक्टर ठरवतील. बीज फुटायचं औषध देऊन दिवस राहिले आणि साखर कोणी बघितलीच नव्हती, असं व्हायला नको.

वजनाकडे वळू. जास्त असेल तर कमी केल्याने फायदा होतो, आणि त्याला फार उतरवावं लागत नाही. ५ ते १० टक्के पुरतात. म्हणजे ७४ किलोच्या बाईला ४ ते ७ किलो. तेवढ्यातही पुष्कळ जणींची पाळी मार्गावर येते. पण त्यासाठी उपचार किती थांबवायचे? नेदरलँड्समध्ये २९ किंवा त्याहून जास्त बीएमआय असलेल्या ५७७ स्त्रियांवर अभ्यास झाला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या जणींना सहा महिने आहार-व्यायाम करायला लावून मग उपचार दिले, निम्म्यांना लगेच दिले. पूर्ण दिवसांचं एकच सुदृढ बाळ नैसर्गिक बाळंतपणाने होण्याचं प्रमाण थांबलेल्या गटात वाढलं नाही. २७ टक्के भरलं, लगेच उपचार घेतलेल्यांत ३५. मात्र थांबलेल्या गटात कुठल्याही उपचाराविना आपोआप दिवस राहिलेल्या जास्त होत्या, २६ टक्के विरुद्ध १६.

याचा माझ्या दवाखान्यातला अर्थ असा. तुम्ही २६-२७ च्या असाल, लग्नाला दीड वर्ष झालं असेल, तर चार-सहा महिने शरीरावर मेहनत घ्या, कदाचित माझी गरजच पडणार नाही. तुम्ही ३६ च्या असाल तर वजन आणि उपचार दोन्ही एकदम सुरू करा. ‘दहा किलो कमी करून ये’ असं म्हणून तुम्हाला कोणी परत पाठवत असेल, तर दुसरीकडे दाखवा. पस्तिशीनंतर बीजांचा दर्जा ज्या वेगाने उतरतो, तो वजन घटल्याने भरून निघत नाही.

औषधांमध्ये बीज फुटण्यासाठी आज पहिली पसंती लेट्रोझोलला. अमेरिकेत ७५० स्त्रियांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लेट्रोझोल घेणाऱ्या २७.५ टक्के जणींना बाळ झालं, क्लोमिफेन घेणाऱ्या १९.१ टक्के जणींना. गंमत म्हणजे तेव्हा आपल्याकडे या कामासाठी लेट्रोझोलवर बंदी होती. २०११ मध्ये घातलेली ती बंदी २०१७ मध्ये उठली. नेटवर जुन्या बातम्या वाचून घाबरलेल्यांसाठी हे सांगितलं.

मेटफॉर्मिन ही इन्सुलिनचं काम सुधारणारी गोळी. एकटीने बीज फोडण्यात ती कच्ची आहे. साखर उंबरठ्यावर असेल, कंबर वाढलेली असेल, तर ती जोडीला जरूर द्यावी. सडपातळ, साखर ठीक असलेल्या मुलीला निव्वळ ‘पीसीओडी आहे’ म्हणून नको. सुरुवातीला मळमळ आणि जुलाब होतात म्हणून लहान मात्रेपासून, जेवणासोबत घ्या. वर्षानुवर्षं घेणाऱ्या, त्यातून शाकाहारी असणाऱ्यांनी बी-१२ तपासावं. इनोसिटॉलच्या पुड्यांनी अपाय होत नाही, पण त्यांचा पुरावा अजून तोकडा आहे. महिन्याचा खर्च ओढाताणीचा होत असेल तर त्या आधी बंद करा. आणि हल्ली बऱ्याच जणी वजन उतरवणारी सेमाग्लुटाइडची इंजेक्शनं घेतात. त्याने पाळी सुधारते आणि ध्यानीमनी नसताना दिवस राहतात. गर्भारपणात हे औषध चालत नाही. मूल हवं असेल तर निदान दोन महिने आधी बंद करा, तोवर गर्भनिरोधक वापरा. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्या आणि रक्तदाबाची काही औषधंही आधीच बदलावी लागतात, तेव्हा चालू गोळ्यांची पाकिटं घेऊनच या.

जेवणाचा तक्ता मागतात. छापील तक्ता मी देत नाही, कारण तो फ्रिजवर चिकटवला जातो आणि सासूबाईंचा स्वयंपाक आहे तसाच चालतो. चार गोष्टी सांगते. पोहे सोडू नका, अर्धी वाटी कमी घ्या आणि त्यात मोड आलेली मटकी टाका, नाहीतर बरोबर अंडं खा. ज्वारीची भाकरी चांगली, पण तीन भाकऱ्या आणि चमचाभर भाजी म्हणजे पुन्हा पिठाचाच डोंगर. ताटात उसळ, वरण, दही, मासे, पिठलं यांतलं काहीतरी भाकरीच्या बरोबरीने दिसलं पाहिजे. दिवसातून चार कप चहा आणि कपाला दोन चमचे साखर म्हणजे आठ चमचे, नुसत्या चहातून. गूळ घातला तरी हिशेब तोच.

आणि उपवास. मुलासाठी सोळा सोमवार, संकष्टी, गुरुवार एकत्र धरणाऱ्या बायका मी बघते, त्यांच्या श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही. साबुदाण्याबद्दल आहे. एकादशी दुप्पट खाशी, हे आपल्याच लोकांनी आपल्याला म्हणून ठेवलं आहे! दिवसभर उपाशी राहून रात्री खिचडी, बटाट्याची भाजी आणि वर खीर म्हणजे इन्सुलिनला सणच. उपवास करायचाच तर ताक-दही, मूठभर शेंगदाणे, राजगिरा, एखादं फळ यांवर करा.

व्यायामात चालणं बरं, आठवड्याला निदान १५० मिनिटं. पण साखर खाणारे स्नायूच आहेत, तेव्हा त्यांना ताकदीचं कामही द्या. शाळेत शिक्षा म्हणून काढलेल्या उठाबशा आठवतात? त्याच आता दिवसाआड काढा, पंधरा-पंधराचे तीन फेरे. जेवणानंतर दहा मिनिटं चालल्यानेही साखर कमी चढते. रात्री जोरात घोरत असाल आणि सकाळी उठल्यावर थकवा जात नसेल तर तेही सांगा. झोपेत श्वास अडकण्याचा विकार पीसीओएसमध्ये जास्त दिसतो आणि इन्सुलिन बिघडवतो.

उलट टोकाच्या मुलीही असतात. लग्नात बारीक दिसायचं म्हणून सहा महिने सॅलडवर काढलेल्या, किंवा मॅरेथॉनचा सराव करून पाळीच गेलेल्या. अंगात पुरेसं इंधन नाही असं मेंदूला जाणवलं की तो अंडाशयाला हुकूम देणं थांबवतो. सोनोग्राफीत अंडाशय कधीकधी पीसीओएससारखंच दिसतं आणि मग त्यांनाही ‘वजन कमी करा’ सांगितलं जातं! यांना चार किलो वाढवायचे असतात, पळणं कमी करायचं असतं. औषधाआधी जेवण.

निकाल लागायला वेळ द्या. आज जे बीज फुटतं ते जवळपास तीन महिने वाढत आलेलं असतं, शुक्राणू तयार व्हायलाही अडीच महिने लागतात. पंधरा दिवसांनी काट्यावर उभं राहून निराश होऊ नका.

शुक्राणूंचं नाव निघालं म्हणून: फाईल बायकोच्या नावाची असते आणि नवरा बाहेर बाकावर मोबाईल बघत असतो. मूल न होण्याच्या जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडचा दोष थोडाफार असतोच. वीर्यतपासणी सगळ्यात सोपी, ती पहिल्याच भेटीत व्हावी, बायकोच्या तीन लॅप्रोस्कोपी झाल्यावर नव्हे. नवऱ्याचीही कंबर मोजा, साखर तपासा, आणि गुटखा-तंबाखू बंद.

डॉक्टरांकडे कधी जायचं? वर्षभर प्रयत्न करून. पस्तिशी उलटली असेल तर सहा महिन्यांनी. पाळी ३५ दिवसांपेक्षा लांबत असेल तर वाट बघूच नका. आणि मूल नको असलं तरी सलग तीन महिने पाळी आली नाही तर दाखवा, कारण गर्भाशयाचं अस्तर आतल्या आत जाड होत राहतं आणि वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर पुढे त्याचा कर्करोग होऊ शकतो.

दिवस राहिले की मेटफॉर्मिन स्वतःच्या मनाने बंदही करू नका आणि चालूही ठेवू नका, आधी फोन करून विचारा. पहिल्याच भेटीत साखर पुन्हा तपासून घ्या, तेव्हा ठीक आली तरी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान परत. पीसीओएस असलेल्यांना गर्भारपणातला मधुमेह जास्त होतो. तसा झालाच, तर बाळंतपणानंतर दीड ते तीन महिन्यांत ७५ ग्रॅमची तीच तपासणी पुन्हा करायची असते. बाळाच्या लसीकरणाला जाल, त्याच दिवशी सकाळी उपाशीपोटी निघा.